पॅट्रिकच्या सणाचं रिंगण

टॉसनं साखळीला असा हिसका दिला, की नूलाची टोपी तिरपी झाली. प्रदर्शनाचं रिंगण डावीकडे होतं. तो म्हातारा तांबूस सेटर कुत्रा मात्र उजवीकडे ओढ घेत होता.

"वाट पाठ आहे बरं का याला," नूला कौतुकानं म्हणाली. "दरवर्षी येतोय ना फर्गलबरोबर."

शेजारून चालणाऱ्या टर्लोनं पावलं मंद केली. सेंट पॅट्रिकच्या सणाला सरकारी हुकमानं डब्लिनमधले सगळे पब बंद. बिअर मिळायची ती फक्त या कुत्र्यांच्या प्रदर्शनात. म्हणून तो आणि फर्गल टॉसला पुढे करून यायचे. रिंगणाकडे कोण बघतंय! संध्याकाळी फर्गल बायकोला, नूलाला, सांगायचा, "थोडक्यात बक्षीस हुकलं गं." तो हिवाळ्यात गेला आणि यंदा नूलानं स्वतःच टॉसचं नाव नोंदवलं. मेलेल्या मित्राचं खोटं कसं झाकावं, हे टर्लोला सुचेना.

टॉस थेट बारमध्ये घुसला. आत निळसर धूर, ओल्या लोकरीचा वास. कोटांवर सणानिमित्त शॅमरॉकची हिरवी पानं खोचलेली माणसं पाण्याखाली असल्यासारखी संथ हलत होती. कोपऱ्यातल्या टेबलाखाली टॉसनं अंग टाकलं.

"आले का टॉसराव!" बारवाल्यानं काळ्या स्टाउट बिअरची बशी त्याच्यापुढे सरकवली. "मालक कुठायत?"

टर्लोनं मान खाली घातली. नूलानं बशी पाहिली, टेबल पाहिलं.

"आदल्या दिवशी मी याला न्हाऊ घालायचे," ती म्हणाली. "केसांना अंडं लावून."

"नूला, अगं..."

"एकदा तरी उतरला का हा रिंगणात?"

"नाही."

तिला फार लागलं. ती मटकन बसली. समोरच्या काउंटरवर बारवाल्यानं टर्लोचा नेहमीचा पेला फेस वर यावा म्हणून अर्धाच भरून ठेवला होता. त्यातला फेस सावकाश वर चढत होता.

"काय करायचा तो इथं?"

"गायचा. बेसूर. आम्ही ओरडायचो, तरी थांबायचा नाही."

"घरी कधी गायला नाही मेला," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

बाहेर कर्ण्यावरून सेटर कुत्र्यांचा पुकारा झाला. नूला उठली. रुमालानं तिनं टॉसच्या नाकावरचा फेस पुसला.

"अगं, म्हातारा झालाय तो. हरेल."

"हरू दे की. फर्गलचं एवढं एक तरी खरं होईल."

तिनं साखळी धरली. बारवाल्यानं टर्लोचा पेला काठोकाठ भरून आणला, तोवर टर्लो तिच्यामागून दारापर्यंत पोचला होता.