हुआंगांचं पान

माझ्या मुलाने, सत्यजितने, दिल्लीहून एक जुनी चिनी पाटी आणली. काळं लाकूड, वर सोनेरी अक्षरं. अरेरा कॉलोनीतल्या आमच्या घरात ती दाराशी लागली, खाली चपलांचं कपाट. येणारेजाणारे कौतुक करायचे. काय लिहिलंय हे विचारायची अक्कल कुणालाच सुचली नाही, मलाही नाही.

मग त्याच्या कंपनीत आलेले एक चिनी इंजिनिअर जेवायला आले. बूट काढायला वाकले, वर पाहिलं आणि थबकले. बूट उचलून बाहेर जिन्यात ठेवून आले. ही हुआंग घराण्याच्या पूर्वजांच्या देवळावरची पाटी आहे, म्हणाले. आत पिढ्यांची नावं मांडलेली असतात आणि सणाला सगळं कूळ जमून त्यांना नैवेद्य दाखवतं. समोरच्या भिंतीवर ह्यांच्या फोटोला मी रोज हार घालते, आणि इथे दुसऱ्याच्या वाडवडिलांना चपलांवर टांगलं होतं.

सत्यजितही ओशाळला, पण उपाय काढला तो भलताच. पाटी मित्राच्या चायनीज रेस्टॉरंटला द्यायची. तिथे ती हात धुवायच्या बेसिनवर लागणार होती. म्हणजे आगीतून फुफाट्यात. मी चपलांचं कपाट हलवलं आणि बजावलं, पाटी कुठेही जाणार नाही. तो म्हणाला, शब्द दिलाय, मित्र रविवारी न्यायला येतोय.

रविवारी सर्वपित्री अमावास्या होती. आमच्या पितरांच्या पानाशेजारी मी आणखी एक पान वाढलं, खीर-वड्यांसकट.

"आई, परक्यांचे पितर आपल्या घरात?" सत्यजित म्हणाला.

"घरात तू आणलेस. मी फक्त जेवायला वाढतेय."

गुरुजींनी गोत्र विचारलं.

"माहीत नाही. तिथीही माहीत नाही. अशांसाठीच आजचा दिवस ना?"

गुरुजी जरा घुटमळले. मग म्हणाले, गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप म्हणायची रीत आहे. त्यांनी सत्यजितला पाटावर बसवलं. माझ्या मुलाने हुआंगांच्या नावाने तीळपाणी सोडलं, आधी कपाळाला आठ्या घालून, मग नुसताच मान खाली घालून.

तेवढ्यात मित्र दारात आला. मी पदर खोचून उठले, पण सत्यजित ओल्या हातांनीच पुढे झाला.

"जूते बाहर सीढ़ी पर रख," तो म्हणाला. "खाना खाके जा. बोर्ड नहीं मिलेगा."