खून पॉइंटचा गाइड

लोणावळ्यात कुठल्याही कड्याला पॉइंट म्हटलं की पाहुण्यांच्या गाड्यांची रांग लागते. रज्जाकची वर्षानुवर्षं हीच तक्रार होती, की आपल्या पवनानगरला धरण आहे, डोंगर आहे, तंबू आहेत, पण पॉइंट नाही. तो पवनानगर ते कामशेत वडापची, म्हणजे शिटा भरल्या की सुटणारी, जीप चालवायचा. मग तीन वर्षांपूर्वी गावात एक भयंकर गोष्ट घडली आणि रज्जाकला पॉइंट मिळाला.

सुहास आणि त्याची बायको रतन, दोघांना त्यांच्याच पोराने, प्रज्ञेशने, राहत्या घरात कोयत्याने मारलं. पोरगं अठरा वर्षं पुरी होऊन दोन महिने झालेलं. मागल्या साली कोर्टाने जन्मठेप दिली आणि ते येरवड्याला गेलं. थोरली बहीण चैताली सुदुंबऱ्याला कंपनीत कामाला, तिथेच खोली घेऊन राहायची. घराला कुलूप लागलं.

त्या कुलपापुढे रज्जाक तंबूवाल्या पाहुण्यांना नेऊन उभं करू लागला. पण नुसतं घर बघून पाहुणे जांभया देतात. मग त्याने मसाला घातला. कोयत्याची तलवार झाली, पोराच्या अंगात मेलेला मांत्रिक शिरला. शेवटी त्याने जाहीर केलं, की रोज पाचच्या ठोक्याला रतन अजून घर झाडते, खराट्याचा आवाज येतो. पाचच का, तर सहाला त्याला कामशेतचे पॅसेंजर भरायचे असत. बिचारं भूतसुद्धा जीपच्या टायमावर चालायचं.

बायको रशिदा म्हणायची, "आपल्या लेकीला, हुमेराला, रतननं अंगाखांद्यावर खेळवलं, आन् तुमी तिचं भूत करून दाखवताय." रज्जाकचं उत्तर ठरलेलं. लोकांना भ्या पाहिजे, मी देतो, त्यात कुणाचं काय जातं?

एका रविवारी त्याने मुंबईची पाच पोरं-पोरी आणली. पाच वाजले. रज्जाकने बोट वर केलं, आवाज बारीक केला, म्हणाला, "ऐका आता." आणि बंद घराच्या आतून खरोखर खराट्याचा आवाज आला. खर्र. खर्र.

पाहुणे अंग चोरून एकमेकांना चिकटले. पळाला तो एकटा गाइड. बांध ओलांडताना एक चप्पल मागे राहिली आणि रज्जाक तोंडावर भाताच्या चिखलात आडवा झाला. पाहुण्यांना वाटलं, हेही पॅकेजमधलंच. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मागच्या दाराने खराटा घेऊन चैताली बाहेर आली. घर विकायला काढायचं म्हणून ती झाडायला आली होती. एक पोरगी मोबाइल पुढे करत म्हणाली, "दीदी, एक फोटो. जरा केस मोकळे सोडाल?"

चैतालीने केस सोडले नाहीत. रागावलीही नाही. तिने ओसरीवरचा तांब्या रज्जाकपुढे धरला, त्याला तोंड धुऊ दिलं आणि मग सगळ्यांदेखत म्हणाली, "चाचा, इतकं रंगवून सांगता, तर एक खरं सांगा. त्या दिवशी प्रज्ञेश तुमच्या जीपमध्ये बसला होता का?"

रज्जाकचे हात तांब्यावरच राहिले.

ती सांगू लागली. कोर्टात पोरगा म्हणाला होता, की त्या दिवशी मी ताईकडे निघालो होतो, पण जीपमधून उतरवलं. कुणी उतरवलं, म्हणून वकिलाने विचारलं, तर गप्प. नाव घेतलंच नाही. तिला वाटलं, आता शिक्षेच्या भीतीने खोटं बोलतोय. आईबापाला मारलं ते मारलं, वर खोटं! म्हणून शिक्षा झाल्यापासून ती एकदाही तुरुंगात त्याच्या भेटीला गेली नव्हती.

प्रज्ञेश सोडला तर हे जाणणारा जगात एकटा रज्जाक होता. "न्हाई" म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

वडापची एक रीत असते. रिकाम्या जीपमध्ये कुणी चढत नाही, म्हणून ड्रायव्हर ओळखीची दोन माणसं आत बसवून ठेवतात. गाडी भरत आली असं दिसतं, खरे पॅसेंजर येतात, मग ही खोटी माणसं हळूच उतरतात. प्रज्ञेश रज्जाकचा असाच ठरलेला खोटा पॅसेंजर होता. शाळा सुटल्यापासून तासन्‌तास मागच्या कोपऱ्यात बसायचा. घरात वर्षभर आईबापाचे आणि त्याचे आवाज चढलेले असायचे, ते त्याला नको असायचे. गाव मात्र घरचं भांडण म्हणून आपापली दारं लावून घ्यायचं.

"होता," रज्जाक म्हणाला. "दुपारपास्नं होता. मला बोलला, चाचा, आज खरंच जायचंय. ताईकडं. मी हासलो गं. म्हनलं, लय भारी नाटक करतोस. मग चार शिटा आल्या. मी म्हनलं, उतर बेटा. उतरला."

त्या दिवसापासून त्याने जीपचा आरसा वर करून ठेवला होता. पॅसेंजर चेष्टा करायचे, चाचा आभाळाकडं बघून गाडी चालवतो. मागचा कोपरा दिसू नये, एवढंच त्याला हवं होतं. तलवार, मांत्रिक, खराटा, हे सगळं त्या एका "उतर बेटा"वर त्याने टाकलेलं गोणपाट होतं.

पाहुण्यांचे मोबाइल केव्हाच खाली गेले होते.

चैताली बराच वेळ खराट्याच्या काड्या सारख्या करत राहिली. मग म्हणाली, "चाचा, मारलं त्यानंच. तुम्ही नाही. मी माफ केलेलं नाही त्याला, सांगून ठेवते. पण भुताला काही विचारावं लागत नाही, म्हणून तुम्हाला भूत बरं वाटतं. माणूस म्हटला, की विचारावं लागतं, बाबा रे, काय झालं? ते तुम्ही विचारलं नाही. गावानं नाही. त्याचा फोन यायचा तेव्हा मीही नाही, शिफ्टला उशीर होतो म्हणून."

त्या दिवशी खून पॉइंट बंद झाला. स्टँडवर विचारणाऱ्याला रज्जाक आता पदरचं एक अक्षर न घालता, स्वतःच्या हसण्यासकट, घडलं तेवढंच सांगतो. मंडळी, त्याला फार गिऱ्हाईक नाही. आपल्याला खुनी पोराची गोष्ट लागते, खुनाच्या आधीच्या दुपारची नको असते. पण आपल्या हातात असते ती तेवढी दुपारच. घरी जायला नको म्हणणारं पोर दिसलं, तर चेष्टा करण्याआधी एकदा विचारा. उत्तर मिळेलच असं नाही. तरी विचारा.

पुढच्या महिन्यात चैताली येरवड्याला जाऊन आली. रज्जाकने भीतभीत विचारलं, माझं काय म्हणाला?

"तुमचं नाव का घेतलं नाहीस, म्हणून मी विचारलं," चैताली म्हणाली. "तर म्हणाला, चाचांची काय चूक? माझं कामच उतरायचं होतं."

 शिवी दिली असती पोरानं, तर ती रज्जाकला झेपली असती.