पाटावरचा सेवेकरी

लालबागला रांगांचं कौतुक ते काय! पण आईच्या खोलीबाहेर जिन्यापर्यंत गेलेली रांग बघून मीसुद्धा चाट पडले. हातात ओट्या, नारळ, हार. आणि ही सगळी मंडळी आली होती कशाला, तर आमच्या फ्रिजला हात लावायला!

अर्थात, त्याला फ्रिज म्हणायची सोय राहिली नव्हती. आईची खोली एवढीशी, म्हणून स्टीलचा देव्हारा फ्रिजच्या डोक्यावर. फ्रिज थरथरतो, देव पडायला नको, म्हणून जवळच वेगळा राहणारा माझा धाकटा भाऊ मयूर याने देव्हारा फ्रिजच्या पत्र्याला स्क्रूने आवळून टाकलेला. त्यात गावच्या देवीचा पितळी मुखवटा. हल्ली त्या देव्हाऱ्याला हात लावला की बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या येत होत्या. चाळीने निकाल देऊन टाकला, देवी जागृत झाली.

मी प्राची, दादरच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझ्याच माहेरी हा तमाशा! आत शिरले तर फ्रिजशेजारी भगवी शाल पांघरून गुणाजी महाराज नावाचे बुवा बसलेले, आणि तोंडाचा पट्टा चालू.

"हे आईचं नेटवर्क आहे माउली! ह्याला रिचार्ज लागत नाही. रेंज येत नसेल तर समजा, तुमचंच सिम खराब!"

बायका माना डोलावत होत्या. नियम कडक. उंबऱ्यात पाय धुवायचे, पुसायचे नाहीत, ओल्या पावलांनी लादीवर उभं राहून देव्हाऱ्याला उजवा हात लावायचा. लावला की अंग शहारायचं, "आई गं!" व्हायचं आणि डोळ्यांना धारा. मयूर बाजूला सोवळं नेसून पाटावर उभा, हातात पंचारती. सेवेकरी! ज्याला चाळ कालपर्यंत 'ए मयऱ्या, ट्यूब बदल' म्हणायची, त्याला आज 'मयूरभाऊ, जरा दर्शन होईल का?' ऐकू येत होतं. पठ्ठ्या फुलला होता नुसता.

माझ्या टाचा दुखतात, घरातही रबरी चपला पायात असतात. तशीच पुढे झाले आणि देव्हाऱ्याला हात लावला. काही नाही.

"बघा, बघा!" महाराज ओरडले. "शिकलेल्या बाई! श्रद्धा नाही, म्हणून आई शिवत नाही. चपला काढा, पाय धुवा, मग या!"

काढल्या. धुतले. हात लावला मात्र, कोपरापर्यंत अशी झिणझिणी गेली की मी मागेच सरकले. खोलीत जयजयकार झाला. आई माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "गावला मां तुका? देवीन् तुकाव आपला केल्यान् गो!" तिचे डोळे भरून आले होते. मी मात्र माझ्या ओल्या पावलांकडे बघत होते. माझी श्रद्धा दोन मिनिटांत काही वाढली नव्हती. बदलले होते फक्त पाय.

"मयूर, ह्या सॉकेटला अर्थिंग आहे ना?" मी हळूच विचारलं.

"ताई, मी स्वतः केलंय. तुला भावावर विश्वास नाय?"

होता ना. पाच बोटांनी घास भरवलाय त्याला मी. आयटीआय करून तो वायरमन झाला तेव्हा शाळेत पेढे वाटले होते. म्हणून तर गप्प बसले. तेवढ्यात महाराजांनी जाहीर केलं, "शुक्रवारी सुभद्राआईंच्या हस्ते देवीला जलाभिषेक! ओलेत्याने, घागरीने!" सुभद्रा म्हणजे आमची आई. मी मयूरकडे बघितलं. त्याची पंचारती क्षणभर थांबली. मग पुन्हा फिरू लागली.

शुक्रवारी शाळेत रजा टाकली आणि लोहार चाळीच्या वीजबाजारातून सॉकेट तपासायचा टेस्टर घेऊन लालबाग गाठलं. दिसायला साधा तीन पिनांचा प्लग, पण पाठीवर तीन छोटे दिवे. पोचले तेव्हा आई ओल्या लुगड्यात घागर उचलत होती.

"आई, ठेव ती खाली!" मी एवढ्या जोरात ओरडले की शंख वाजवणारा थांबला. पुढे होऊन बटण बंद केलं आणि फ्रिजचा प्लग उपसून काढला. "आता लावा सगळ्यांनी हात. ओल्या पायांनीच लावा."

शेजारच्या सुंदराबाई पुढे आल्या. लावला, परत लावला. "अगं बाई, काहीच नाही!" मग आणखी चौघींनी लावला. देवी ढिम्म.

"आई रुसली!" महाराजांनी शाल सावरली. "प्लग काढून अपमान केलात तिचा!"

"जागृत देवीला प्लग लागतो होय महाराज? परवा तर रिचार्जसुद्धा लागत नव्हता!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी टेस्टर सॉकेटमध्ये घातला, बटण चालू केलं. एकच दिवा लागला. तोच टेस्टर सुंदराबाईंच्या खोलीतल्या सॉकेटमध्ये घातला, सगळ्यांच्या देखत. दोन दिवे.

"दोन म्हणजे ठीक. एकच लागला म्हणजे अर्थिंग नाही."

मग मेन स्विच बंद केला, वीज गेल्याची खात्री केली आणि आमच्या सॉकेटचं झाकण उघडलं. खालच्या दोन भोकांमागे वायर होती. वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकामागे काहीच नव्हतं. तिथला स्क्रू कोरा करकरीत, कधी पिळलेलासुद्धा नाही.

"बघा नीट," मी म्हणाले. "फ्रिज जुना झालाय, आतली वीज थोडी थोडी पत्र्यावर झिरपतेय. अर्थिंगची वायर असती तर ती वीज वायरीने जमिनीत गेली असती. वायर नाही, म्हणून ती तुमच्या अंगातून जात होती. ओले पाय, थंड लादी, तिला आणखी काय हवं? आज झिणझिण्या आहेत. आतलं वेष्टण पुरतं गेलं की माणूस जागेवर खलास. आणि ह्यावर आज माझी आई घागर ओतणार होती!"

महाराज चपला शोधायला लागले. ज्यांनी सगळ्यांना अनवाणी केलं, त्यांना स्वतःच्या बरोबर सापडल्या.

मयूर भिंतीला टेकला होता. "मीटररूमपासून वायर ओढायची होती ताई. म्हटलं, पुनर्विकासात चाळ पाडणारच आहेत, करू नंतर. मग आईला मुंग्या आल्या. मी बोलायच्या आत महाराज देवी देवी करायला लागले, लोक पाया पडायला लागले. मला भाऊ म्हणायला लागले गं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

 आणि मग माझं लक्ष गेलं त्या पाटाकडे. लाकडी, कोरडा ठणठणीत, त्यातून वीज जात नाही. रोज त्याच्यावरच उभा राहायचा हा. मला वाटलं होतं, सेवेकऱ्याचा मान!

माझ्याआधी ते आईला कळलं. अंगाला चिकटलेलं ओलं लुगडं, रिकाम्या पोहऱ्यांसारखे लोंबते हात. ती ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "तू पाटार उभो रवायचंस. माका कित्याक दिलंस नाय रे पाट?"

रांग एकेक करत जिना उतरायला लागली. 

दुसऱ्या वायरमनला बोलावून मीटररूमपासून वायर ओढून घेतली, गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवला, फ्रिज दुरुस्तीला दिला. टेस्टरचे दोन दिवे लागल्यावरच प्लग लावला. देवी आहे तिथेच आहे. आई रोज फूल वाहते, मीही कधी अडवलं नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. फ्रिजला, गीझरला, देव्हाऱ्याला हात लावून मुंग्या आल्या तर हात जोडू नका. परत शिवू नका, मेन बंद करा आणि जाणत्या माणसाला बोलवा. तो 'अर्थिंग केलंय' म्हणाला तर 'तपासून दाखव' म्हणा. तो पोटचा मुलगा असला तरी म्हणा. चमत्कार सांगणारा स्वतः कशावर उभा आहे, तेही बघा.

मयूर अजून रविवारी जेवायला येतो. आई त्याच्यासाठी तो पाट मांडते आणि आपण लादीवर बसते.