विभावरीच्या नावाचं पान

प्रतिमा साळवे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि शनिवारी संध्याकाळी हिंदी मुलखातल्या अधारतालच्या आपल्या घरी परातभर पोहे करायची. तिला विचाराल तर दुसरं काम जास्त महत्त्वाचं. पोह्यांच्या वासानं कॉलेजची पोरं जमत, दोन-चार गाणी होत, पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एखादा भाग वाचून त्यावर बोलणं होई, मग प्रार्थना. येशूबद्दल सांगायला तिला मनापासून आवडायचं, पण बळजबरी तिच्या स्वभावात नव्हती. वाचन चालू असताना कोणी मोबाईलमध्ये डोकं घालून बसला, तरी त्याच्या बशीत पोहे तितकेच पडत. तिचा नवरा शैलेंद्र रेल्वेत होता. तो म्हणायचा, "तुझ्या सभेत प्रभू कमी आणि पोहे जास्त चालून राहिले." ती म्हणायची, "चालू दे. रिकाम्या पोटी कोणाला काय ऐकू येतं?"

एक नियम मात्र पक्का होता. रडत आलेल्याला चहा द्यायचा, येशूची सुवार्ता नाही. खचलेल्या माणसाच्या हातात धर्म ठेवणं म्हणजे बुडणाऱ्याकडून सही करून घेणं, असं तिचं मत. सुवार्ता हसत्या माणसाला सांगावी, म्हणजे त्याला नाही म्हणता येतं. चर्चमधल्या काही मंडळींना हे अजिबात पटायचं नाही. तुमच्या या नियमानं इतक्या वर्षांत एक तरी नवा माणूस प्रभूकडे आला का, असं ते तोंडावर विचारत. ती घरी येऊन भांडी जरा जास्तच आपटायची. कारण ते खरं होतं आणि तिला ते लागायचं.

अक्षत डेग्वेकर असाच रडत आलेला. तिथून बसनं जाता येईल अशा पाटण गावचा मुलगा. पहिल्या वर्षाला असताना त्याची आई गेली आणि महिन्याभरानं प्रॅक्टिकलच्या तासाला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला असताना त्याचा बांध फुटला. प्रतिमानं त्याला स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं, चहा दिला आणि काही विचारलं नाही. पुढच्या शनिवारी तो आपणहून आला. बाहेर गाणी चाललेली, आणि हा स्वयंपाकघरात कांदा चिरत बसलेला. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं तर कोणी काही म्हणत नाही, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. चिरता चिरता तो आईबद्दल बोलायचा आणि प्रतिमा ऐकायची. दर शनिवारी कांदा, दर शनिवारी आई.

असं वर्ष गेलं. हळूहळू तो हसायला लागला, बाहेर येऊन बसायला लागला, प्रश्न विचारायला लागला. मग बायबल घरी नेऊन वाचायला लागला आणि वाद घालायला लागला. वाद घालणारा विद्यार्थी प्रतिमाला नेहमीच आवडायचा.

भाद्रपदातल्या एका शनिवारी सगळे गेल्यावर तो मागे थांबला. म्हणाला, "मॅडम, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे."

प्रतिमा उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. इतक्या वर्षांचं मागणं असं अचानक समोर येऊन उभं राहिलं होतं, तिला दुसरं काही सुचेना. तोंड धुऊन बाहेर आली तेव्हा तिच्यातली मास्तरीण जागी झालेली होती.

"बापूंना सांगितलं?"

बापू म्हणजे त्याचे वडील. पाटणच्या घरी एकटेच असत. अक्षतनं मान खाली घातली. "तसं सगळं नाही सांगितलं. नवमीला येणार नाही, एवढं सांगितलं."

पितृपंधरवड्यातल्या त्या नवमीला नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध करतात आणि तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालतात. आईचं असलं तर ते मुलानं करायचं असतं. वर्षश्राद्ध झाल्यावरची ही पहिलीच नवमी.

"काहून नाही जाणार?" प्रतिमाचा आवाज चढला.

"आता मी येशूला मानतो ना मॅडम. फिर वो सब कैसे करूं? तुम्ही तरी स्टाफरूममधला प्रसाद कुठं खाता?"

नैवेद्याचं खायचं नाही, ही शिस्त तिच्या वडिलांची. नगरहून इथल्या फॅक्टरीत नोकरीला आलेला तो कडक माणूस दिवाळीत शेजाऱ्यांची ताटं आदरानं घ्यायचा आणि देवापुढं ठेवलेलं काय ते विचारून तेवढं बाजूला काढायचा. प्रतिमानं ती रीत आजवर मोडली नव्हती. पण मुलगा आईच्या दिवशी घरी जात नाही आणि त्याचं कारण आपल्या घरात शिजलेलं आहे, हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

"बाप्तिस्म्याचं मग बघू," ती म्हणाली. "धर्मांतराचा कायदा काय म्हणतो तेही वकिलाला विचारू, लपूनछपून काही होणार नाही. आधी पाटणला चल. पूजेला बसायचं की नाही, ते बापूंच्या तोंडावर सांग. मी येते सोबत."

तिनं स्वतः बापूंना फोन लावला. अक्षतला घेऊन येते, म्हणाली. बापू म्हणाले, "या. जेवायलाच या."

नवमीला दोघं बसनं पाटणला गेली. बापू दारातच उभे होते, किडकिडीत, सोवळं नेसलेले. अक्षतनं पाया पडून एका दमात सांगून टाकलं, "बापू, मला येशूचं पटलं आहे. मी श्राद्धाला बसणार नाही."

"ऐकलं," बापू म्हणाले. "उन्हात काहून उभा आहेस? ओट्यावर बस."

आणि आत जाऊन ते स्वतः पाटावर बसले. गुरुजींनी गोत्र सांगितलं, अक्षतच्या आईचं, विभावरी हे नाव घेतलं, पाणी सोडायला लावलं. मधल्या खोलीतल्या खुर्चीवर बसून प्रतिमा ऐकत राहिली. म्हातारा शिव्या देईल, पोराला नादी लावलं म्हणेल, या तयारीनं ती आली होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळं आटोपून बापू बाहेर आले तेव्हा तीच म्हणाली, "बापू, त्यानं अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही. तुम्हाला ठाऊक नसताना काही होणारही नाही."

"मोठा झाला आता तो," बापू म्हणाले. "कोणता देव ते त्याचं तो पाहून घेईल. मला वेगळंच लागून राहिलं, ताई. आई जाऊन दोन वर्षं नाही झाली आणि हा तिला विसरला. फोनवर तिचं नाव काढलं की म्हणतो, चलो बापू, रखता हूं. एकदाही बोलला नाही तिच्याबद्दल. एकदाही नाही."

प्रतिमा बोलायला गेली, तेवढ्यात आतून शेजारच्या पुष्पाबाईंनी हाक मारली. पान वाढलं होतं.

पाटाभोवती रांगोळी होती. केळीच्या पानावर वडे, खीर, आमटी, भाजी, चटण्या. बापूंनी तिच्याकडे पाहून हात केला. "बसा."

"मी?"

"सवाष्ण तुम्हीच. दुसरी कोणी सांगितलीच नाही."

गुरुजी पोथ्या बांधता बांधता थबकले. "बापूसाहेब, या ख्रिश्चन आहेत."

"नवरा धडधाकट आहे ना यांचा? मग झालं." बापू प्रतिमाकडे वळले. "विभावरी शेवटच्या दिवसांतही एकच विचारून राहिली होती, पोरगं तिकडे काय खात असेल. ते तुम्ही खाऊ घातलं. तिच्या नावानं जेवायला बोलवायचं, तर तुम्हाला सोडून मी कोणाला बोलावू?"

गुरुजी पुन्हा पोथ्या बांधायला लागले. दाराच्या चौकटीशी अक्षत येऊन उभा होता आणि टक लावून तिच्याकडे बघत होता. बसली, तर पोरगं म्हणणार, एवढाच का तुमचा विश्वास? न बसली, तर या माणसानं आपल्यापाशी होतं नव्हतं ते पुढं केलं आणि आपण ते लाथाडलं. वडील आज असते तर काय म्हणाले असते, तेही तिला चांगलंच ठाऊक होतं. ती मनातल्या मनात प्रभूला म्हणाली, आता तूच बघ बाबा, माझी तर मती गुंग झाली.

मग ती पाटावर बसली. पुष्पाबाई कुंकवाचा करंडा घेऊन पुढं झाल्या.

"कुंकू नको," प्रतिमा हळूच म्हणाली. "बापू, राग मानू नका. मी तुमच्या घरची पाहुणी म्हणून जेवते. विभावरीताई असत्या तर त्यांच्या हातचं जेवलेच असते. पण जेवायच्या आधी मी माझ्या देवाचे आभार मानते, आणि मोठ्यानं मानते. चालेल?"

"माना," बापू म्हणाले आणि हात जोडून भिंतीशी बसले.

तिनं डोळे मिटले.

"प्रभो, या अन्नाबद्दल आणि या घराबद्दल तुझे आभार. आणि विभावरीबद्दल आभार. मी तिला कधी पाहिलं नाही. पण ती टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याशी भांडायची, हे मला माहीत आहे. पालीला भ्यायची आणि कोणाला सांगायची नाही. अक्षत होस्टेलला निघाला तेव्हा तिनं त्याच्या चादरीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं त्याचं नाव घातलं. ती चादर तो वापरत नाही, उशाशी घडी करून ठेवतो. बापूंना साखरेचा त्रास होता आणि ते ऐकत नव्हते, म्हणून ती महिन्या-महिन्यानं त्यांच्या चहातली साखर थोडी थोडी कमी करत गेली आणि त्यांना पत्ता लागू दिला नाही. अशी आई दिलीस म्हणून तुझे उपकार. तिच्यावाचून राहिलेल्या या दोघांना सांभाळ. आमेन."

डोळे उघडले तेव्हा बापू तिच्याकडे वेड्यासारखे बघत होते.

"साखर?"

"अं?"

"मला वाटायचं, दुकानदारानं चहाची पत्ती बदलली. त्याच्याशी भांडून आलो होतो मी." ते हसायला गेले आणि हसू अर्ध्यातच मोडलं. "हे... हे सगळं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या मुलानं. दर शनिवारी माझ्याकडे कांदा चिरत बसतो आणि आईशिवाय दुसरं काही बोलत नाही."

बापूंनी दाराकडे पाहिलं. अक्षतचा चेहरा लालबुंद झाला होता.

"माझ्याशी काहून नाही बोलला रे?"

"तुम्ही रडाल म्हणून." अक्षत म्हणाला. "आप अकेले थे ना यहां. तुम्ही रडलात तर तुम्हाला बघायला कोण होतं?"

बापू रडलेच. उपरण्यात तोंड घालून, लहान मुलासारखे हुंदके देत. गुरुजी पोथ्या घेऊन अंगणात गेले. अक्षत आत आला आणि बापूंच्या शेजारी जमिनीवरच बसला, खांद्याला खांदा लावून. प्रतिमाला उठावंसं वाटलं, पण पानावरून असं उठता येत नाही. ती खाली बघत बसून राहिली. तिचेही डोळे वाहत होते आणि या वेळी सोडायला जवळ नळही नव्हता.

थोड्या वेळानं बापूंनी नाक पुसलं. "जेवा ताई, गार होऊन राहिलं," म्हणाले. मग अक्षतचा हात आपल्या मांडीवर घेऊन घट्ट धरला.

"अजून काय काय लपवायची ती माझ्यापासून? सांग."

अक्षत सांगू लागला.