सात नंबरची खुंटी

तळ्याकाठच्या बत्तीस घरांत मावशींना नावाने हाक मारायची कोणाची छाती नव्हती, आणि जॅकेट न घालता होडीत बसायची तर त्याहून नव्हती. निदान मावशींची तशी समजूत होती बिचाऱ्यांची.

चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. दुकान बंद करून तळ्याकाठी राहायला आली तीही मशीनसकट. पहिल्याच उन्हाळ्यात समोरच्या काठावरचा एक गवंडी होडी उलटून गेला. चांगला पट्टीचा पोहणारा, पण पाणी थंडगार, हातपाय आखडले आणि संपलं. मावशींनी ते जे मनाला लावून घेतलं! सोसायटीच्या सभेत उभं राहून त्यांनी सगळ्यांना असं काही फैलावर घेतलं, की अध्यक्षांनी सुटका करून घ्यायला सुरक्षेचं सगळं काम त्यांच्याच गळ्यात घातलं. घ्या, करा काय करायचं ते! आणि मावशींनी केलंही.

धक्क्यावर एक लांब फळी ठोकून घेतली, फळीवर बत्तीस खुंट्या, प्रत्येक खुंटीवर त्या घराचं तरंगतं जॅकेट. जॅकेटं जुनी, उसवलेली. मावशींनी एकेक उलटंपालटं करून दुरुस्त केलं, पट्टे बदलले, पाठीवर लाल दोऱ्याने घराचा नंबर काढला. गळ्याशी उंच, ताठ कॉलर लावली, म्हणजे माणसाची शुद्ध हरपली तरी तोंड पाण्यावर राहावं. होडी काढायची तर जॅकेट अंगात घालायचं आणि त्याच्या जागी आपल्या घराचा पत्र्याचा बिल्ला लटकवायचा. परत आलात की जॅकेट खुंटीवर, बिल्ला खिशात.

पुढचा नियम याच फळीवर बेतलेला. बचाव पथक शहरातून यायचं, आणि दोनदा त्यांना धावत आणलं तर दोन्ही वेळा माणूस लव्हाळ्याच्या आड गळ टाकून घोरत पडलेला! पथकाचे साहेब भडकले. मग त्यांनी आणि मावशींनी बसून ठरवलं, की वारा सुटला की भोंगा वाजवायचा. कोणी परतलं नाही तर खुंटी बघायची. जॅकेट न नेताच गेला असेल तर त्याच मिनिटाला फोन. जॅकेट अंगावर असेल तर अर्धा तास थांबायचं, बहुतेक जण तेवढ्यात येतातच.

दोन वर्षं झाली, एकही माणूस जॅकेट न नेता गेला नव्हता. "सगळं तळं तुझ्या धाकात आहे हो," काका म्हणायचे. काका म्हणजे मावशींचे यजमान, चष्म्याच्या दुकानातून निवृत्त झालेले, हसतमुख, कोणाला म्हणून दुखवायचे नाहीत. मावशी वरवर "पुरे झालं" म्हणायच्या आणि आतून फुलायच्या.

त्या दुपारी मावशी धक्क्यावरच्या खोलीत बसल्या होत्या. सोबतीला शेजारच्या पोस्टबाई, थर्मास घेऊन आलेल्या. पोस्टात जन्म गेला म्हणून पोस्टबाई. दुकानाच्या दिवसांपासूनची वीस वर्षांची मैत्री, दोघींनी एकमेकींची आजारपणं काढलेली. तीनच्या सुमाराला वारा अचानक फिरला आणि तळं काळं पडलं. मावशींनी भोंगा दाबला.

एकेक होडी येऊन लागली. माणसं वल्ह्यांच्या शेडकडून धापा टाकत यायची आणि जॅकेट खुंटीवर टांगून घराकडे पळायची. सगळ्यांचे शर्ट चिंब, पायांतून पाणी निथळतंय. मावशींनी एका जॅकेटला सहज हात लावला तर ते कोरडं ठणठणीत. कापड चांगलं मिळालं होतं हो, असं त्यांना वाटलं. काय म्हणावं!

शेवटी एकच बिल्ला उरला. सात नंबर. काका.

"फोन कर," पोस्टबाई म्हणाल्या.

"कशाला? जॅकेट घालून गेलेत. बघ ना, खुंटी रिकामी आहे." नियम मावशींचाच होता. आपल्याच नवऱ्यासाठी तो मोडला तर उद्या कोण मानेल? त्यांनी घड्याळ बघितलं आणि पोस्टबाईंच्या कपात चहा ओतला.

"अगं, कर फोन. वारा बघ किती आहे."

"कॉलर मी स्वतः लावलीय. बुडणार नाहीत ते." मावशींनी चहा प्यायला. "तू का एवढी घाबरतेस?"

पोस्टबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. कप हातात तसाच. बारा मिनिटं झाली होती.

"जॅकेट शेडमध्ये आहे," पोस्टबाई एकदम म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "वल्ह्यांच्या मागे. कोणीच घालत नाही गं ती. इथून घालून निघतात आणि शेडमध्ये काढून ठेवतात."

मावशींनी आधी फोन केला. आवाज कापला नाही, पत्ता नीट सांगितला. मग त्या शेडमध्ये गेल्या. जाळीचा पडदा बाजूला केला तर मागे फळकुट ठोकलेलं, फळकुटावर ओळीने खिळे, आणि खिळ्यावर सात नंबर. लाल दोरा अजून नवा दिसत होता. खिळे मोजावेत असं वाटलं आणि मोजवेना.

"तुझंही इथेच असायचं?" त्यांनी विचारलं.

पोस्टबाईंनी मान खाली घातली.

"बारा मिनिटं माझ्यासमोर बसलीस. माझ्या हातचा चहा घेतलास."

"मी फोन कर म्हणत होते ना गं..."

"का कर, ते नाही सांगितलंस." असा केसाने गळा कापला होता, आणि कापणारी समोर पदराने डोळे पुसत उभी होती. मावशींना तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. त्या पाठ फिरवून धक्क्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

पथकाला काका उलट्या होडीला धरून लोंबकळताना सापडले. ओठ निळे, बोटं होडीच्या कडेवरून सोडवावी लागली. आणखी दहा मिनिटं गेली असती तर हात आपोआप सुटले असते, असं पथकाचे साहेब मावशींकडे न बघता म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टरांनी काकांना घरी सोडलं. दोन घोंगड्या पांघरून ते स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. दात वाजायचे थांबले तसे पहिलं काय बोलावं त्यांनी?

"एवढा उशीर का केलास गं? भोंगा ऐकू येत होता मला. म्हटलं आता येतील, आता येतील."

"खुंटी रिकामी होती," मावशी म्हणाल्या.

काका बघत राहिले. चेहऱ्यावरचा उरलासुरला रंगही गेला.

"शेडमधले खिळे कोणी ठोकले?"

"कॉलर काचते गं," काका पुटपुटले. "पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या माना सोलवटल्या. लोक माझ्याकडे यायचे. तू रात्रंदिवस खपून शिवलेलं, तुझं मन कोण मोडणार? मग म्हटलं, तुला रिकाम्या खुंट्या दिसल्या की तू खूश, आणि लोकही..."

"कोणी ठोकले विचारतेय मी."

"मी."

मावशी उठल्या. रागाने नाही, थकून. शेडमधून आणलेलं सात नंबर टेबलावर पडलं होतं, ते उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. "घाला."

काकांनी घोंगडी सोडून मुकाट्याने जॅकेट घातलं. मावशींनी मशीनच्या खणातून खडू काढला, चष्मा चढवला आणि गिऱ्हाइकामागे उभं राहावं तशा त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांत कोणतंही गिऱ्हाईक त्यांना तोंडावर सांगायचं, इथे घट्ट होतंय, तिथे सैल आहे. एकाचंही त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं.

"कुठे काचतं, दाखवा."

काकांनी बोट मागे नेऊन मानेच्या मधोमध टेकवलं. मावशींनी तिथे खडूची रेघ ओढली. कापायची ती जेमतेम दोन बोटं रुंदीची पट्टी. दहा मिनिटांचं काम.

"एवढंच?" त्यांनी विचारलं. "दोन वर्षं मला एवढंच सांगायचं होतं?"

काकांनी मान हलवली. कॉलर पुन्हा घासली असावी, कारण ते कळवळले, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही.