बर्फात तपासलेला तापमापक

मी एक जुना तापमापक आहे. मित्रांनो, काचेची बारीक नळी, पोटात लाल द्रव आणि पाठीला लाकडी पट्टी, एवढाच माझा देह. काच फुंकणाऱ्या एका कारागिराने मला घडवले आणि मी शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. मुले मला कधी ओल्या मातीत खुपसत, कधी बगलेत धरत. मग झटकन आकडे दाखवणारी यंत्रे आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे ना ऊन, ना वारा. माझ्यासारख्या चौकस जिवाला याहून मोठी शिक्षा कोणती?

एके दिवशी शाळेची इमारत नव्याने बांधायचे ठरले. आराखडा करणाऱ्या वास्तुकार बाई म्हणाल्या, "रेघ मारण्याआधी मला कळू द्या, तुमचे वर्ग कुठे तापतात." यंत्रांच्या बॅटऱ्या संपलेल्या. प्रयोगशाळेच्या मावशींनी मला शोधून पुसले आणि सातवीतल्या एका मुलीच्या हाती दिले. ती इतके प्रश्न विचारी, की सगळे तिला प्रश्नपेटीच म्हणत.

तिने मला भर दुपारी खोलीखोलीत टांगले. पत्र्याच्या वर्गात मी एकोणचाळीसवर गेलो. अडगळीच्या खोलीत मात्र बत्तीसच!

"मावशी, इथे तर पंखाही नाही. मग असं कसं?"

"म्हणून तर मी इथे डबा खाते! भिंती बघ केवढ्या जाड. आणि वर झरोके आहेत."

प्रश्नपेटी स्टुलावर चढली. तिने झरोक्याशी कागदाची पट्टी धरली. पट्टी बाहेरच्या बाजूला फडफडली. गरम हवा तिथून निघून जात होती.

शाळेच्या अध्यक्षांना मात्र दर्शनी भागाला काचा आणि प्रत्येक वर्गात एसी हवा होता. भरल्या बैठकीत प्रश्नपेटीने माझे आकडे वाचले, तसे ते हसले. "या जुनाट नळीच्या भरवशावर इमारत बांधायची?"

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी पेलाभर बर्फाचा चुरा मागवला आणि मला त्यात उभे केले. सगळे वाकून पाहू लागले. मित्रांनो, इतकी वर्षे कपाटात काढल्यावर मी अजून खरे सांगतो की नाही, हे माझे मलाच ठाऊक नव्हते. लाल रेघ हळूहळू उतरत गेली आणि बरोबर शून्यावर, वितळत्या बर्फाच्या खऱ्या तापमानावर, थांबली. मावशींनी टाळी वाजवली. अध्यक्षांनी चष्मा लावून दोनदा पाहिले.

"बरं, काचा नकोत आणि एसीही नकोत. पण वर्ग तापले, तर जाब तुम्हालाच विचारणार."

बांधकाम सुरू झाले. जुन्या भिंतींच्या विटा घासून पुन्हा रचल्या जात होत्या. "जुन्या का?" प्रश्नपेटीने विचारले. बाई म्हणाल्या, "नवी वीट भाजायला भट्टी पेटवावी लागते. ही भाजलेलीच आहे." सावलीच्या बाजूला खाली खिडक्या, वर झरोके आणि पांढरे छप्पर असे वर्ग उभे राहिले.

पहिल्याच उन्हाळ्यात कोपऱ्यातल्या वर्गात मी छत्तीसवर चढलो. इतर वर्गांत तर बत्तीस! अध्यक्ष तडक आले. बाईंचा चेहरा उतरला. त्या आराखडा पुन्हा पुन्हा चाळू लागल्या. प्रश्नपेटी मात्र भिंतीला लागून चालत गेली आणि एका मोठ्या कपाटापाशी थांबली. त्यामागे खालची खिडकी झाकली गेली होती.

"हे कपाट इथे कोणी ठेवलं?"

अध्यक्षांनी घसा खाकरला. "मीच. रिकामी जागा बरी दिसत नव्हती."

मग त्यांनी स्वतःच खांदा लावून कपाट हलवले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथेही बत्तीसवरच राहिलो.

म्हणून सांगतो मित्रांनो, वर्ग तापला की लगेच बटणाकडे धावू नका. हवा कुठे अडली आहे ते शोधा. चांगली इमारतही तुमच्या लक्षावरच चालते. आमच्या झरोक्यांच्या जाळ्यांवर धूळ बसते. ती झटकायच्या पाळ्या फळ्यावर लिहिलेल्या असतात. या आठवड्यात अध्यक्षांची पाळी आहे.