स्यूरची रेघ

मित्रांनो, व्यायामशाळेमागच्या कोठीत, बर्फावर घसरायच्या मोडक्या स्कींच्या आड, भिंतीकडे तोंड करून उभा असलेला जुना फळा म्हणजे मी.

मूळचा मी डोंगरातला काळा दगड. खाणीतून काढून मला कापलं, घासून गुळगुळीत केलं, बर्चच्या लाकडाची चौकट बसवली आणि बोटीने नॉर्वेच्या उत्तरेतल्या या स्टाइनॉय बेटावर आणलं. बरीच वर्षं मी वर्गात होतो. समीकरणं, जर्मन क्रियापदं, नद्यांची नावं, सगळं अंगावर घेतलं. पुढे वर्गात पांढरे चकचकीत फळे आले. मला टाकूनच देणार होते, पण गुन्वोर म्हणाली, "तो माझ्या खोलीत लावा. मला लांब रेघा ओढायच्यात."

गुन्वोर मोठ्या वर्गांतल्या मुलांना पुढची वाट आखायला मदत करायची. इथे मुलं शिक्षकांना नावानेच हाक मारतात, तशी तीही सगळ्यांची नुसती गुन्वोर. ती प्रत्येकाला माझ्यावर एक आडवी रेघ ओढायला लावायची. उजव्या टोकाला काय व्हायचंय ते लिहायचं आणि तिथून एकेक पायरी मागे यायचं. अगदी डाव्या टोकाला या आठवड्यात करायचं काम. झालेलं हिरव्या खडूने, राहिलेलं लाल.

स्यूर सतरा वर्षांचा होता तेव्हा त्याने ओढलेली रेघ सर्वांत सरळ होती. उजवीकडे लिहिलं, 'फेरीबोटीचा कप्तान'. त्याचे वडील आस्लाक आमच्या बेटाच्या फेरीबोटीचे कप्तान, आजोबाही तेच. मग मागे येत येत खलाशी शाळा, उन्हाळ्यात जहाजावर काम, गणितात चांगले गुण आणि डावीकडे, 'सोमवारी गणिताच्या शिक्षिकेला भेटणे'. मी इतक्या मुलांची स्वप्नं पाहिली, पण सोमवारचं काम सोमवारी करणारा हाच.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. पुऱ्या झालेल्या पायऱ्यांवर तो कधी हिरवी, कधी लालच खूण करायचा. एकदा तर सगळ्याच खुणा लाल. त्याच्या वर्गातली तूवा हसत सुटली.

"अरे कप्तान, तुझं तर काहीच झालेलं नाही! परत बालवाडीपासून सुरू कर."

"कप्तानाला घाई नसते," तोही हसला.

गुन्वोरला वाटलं, मस्करी चाललीय. मला मात्र त्याची बोटं खडूंवर अडखळताना जाणवत होती. पण दगडाला तोंड कुठून असणार?

खलाशी शाळेच्या प्रवेशाआधी डोळ्यांची तपासणी असते. त्यासाठी तो मुख्य भूमीवर जाऊन आला आणि जाकीटही न काढता खोलीत येऊन उभा राहिला.

"काय झालं रे?" गुन्वोरने विचारलं.

"ठिपक्यांत आकडे असतात म्हणे. मला नुसते ठिपकेच दिसले."

"म्हणजे?"

"लाल दिवा कुठला, हिरवा कुठला, मला धड कळत नाही, गुन्वोर. असल्या माणसाला जहाज हाकू देत नाहीत."

त्याने बाहीने रेघ पुसली. उजव्या टोकापासून सुरुवात केली. गुन्वोरने त्याला थांबवलं नाही, फक्त शेजारी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आस्लाक आले.

"लहानपणापासून माझ्या शेजारी सुकाणूपाशी उभा राहतोय," ते म्हणाले. "मला कसं नाही कळलं?"

"मलाही नाही कळलं, आस्लाक. बस. कॉफी घे."

त्यांनी कप घेतला, पण बराच वेळ ते खिडकीतून धक्क्याकडेच बघत राहिले.

तो हिवाळा फार लांबला. स्यूर खोलीकडे फिरकला नाही. त्याची जागा गुन्वोरने दुसऱ्या कुणाला दिली नाही. माझा तेवढा भाग कोराच राहिला. दार वाजलं की मला वाटे, तोच असेल.

बर्फ वितळू लागलं तेव्हा तो आला.

"रेघ ओढ," ती म्हणाली, जणू कालच भेटले होते.

"कुठवर?"

"दिसतंय तिथवर."

त्याने वीतभर रेघ ओढली. "जूनपर्यंत. रोज शाळा सुटली की होड्या बांधणाऱ्या ओड्विनच्या शेडमध्ये फळ्या ठोकायला जातो."

"का जातोस?"

"ताज्या लाकडाचा वास बरा वाटतो. आणि समुद्र समोरच असतो."

"मग तेही लिही. आजवर मी तुम्हाला काय व्हायचंय तेवढंच विचारलं. का व्हायचंय, ते विचारायचं राहूनच गेलं."

त्याने लिहिलं, 'समुद्राजवळ राहायचंय म्हणून.' त्यानंतर रेघ दर महिन्याला थोडी थोडी वाढत गेली. होड्या बांधणाऱ्यांकडे शिकाऊ उमेदवारी, मग परीक्षा, मग स्वतःची शेड. उन्हाळा संपताना तो दक्षिणेतल्या एका बंदरात शिकायला गेला. वडिलांच्याच फेरीबोटीतून. त्या दिवशी आस्लाकनी भोंगा जरा जास्तच वेळ वाजवला.

आता स्यूर तिथे लाकडी होड्या बांधतो. चांगल्या बांधतो म्हणतात. बेटावर मात्र राहायला आला नाही. आस्लाक अधूनमधून गुन्वोरकडे येऊन म्हणायचे, "यंदा मिडसमरच्या सणाला येईन म्हणालाय." कधी तो यायचा, कधी नाही.

गुन्वोर निवृत्त झाली. तिच्या जागी आलेला तरुण शिक्षक पडद्यावर आखणी करून देतो. तेही चांगलंच आहे. मी इथे आलो. माझ्या चौकटीला बुरशी लागलीय आणि एका कोपऱ्याला चीर गेलीय.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीवर लावा असं मी म्हणत नाही. पण तुम्ही तुमची रेघ जरूर ओढा. लांबची दिसत नसेल तर जूनपर्यंतची ओढा. शेजारच्याचा हात कुठे अडखळताना दिसला तर हसू नका, विचारा. तुम्हाला तोंड आहे. आणि कधी सगळं पुसावं लागलं, तर तेव्हा एकटे राहू नका.

मला आता खडूचा स्पर्शही होत नाही. तरी कोठीत कुणी दिवा लावला, की वाटतं, कुणीतरी खडू शोधतंय.